तपासणीची रांग

आरोग्य तपासणीला सगळ्यांना सकाळी आठलाच बोलावतात आणि रक्त घेणाऱ्या ताई एकट्याच! एकाला पाच मिनिटं धरली, तर चाळिसावा माणूस सव्वातीन तास उपाशीपोटी बाकावर. दर पंधरा मिनिटांनी तिघांनाच बोलावलं, तर ही गर्दी होतच नाही.

खरी गंमत क्रमात आहे. उपाशीपोटीची साखर आणि पोटाची सोनोग्राफी आधी, मग नाश्ता. खाल्ल्यानंतरची साखर दोन तासांनी बघतात. तेवढ्यात ईसीजी, एक्स-रे, डोळे उरकतात. आणि लघवीचा नमुना सोनोग्राफीनंतरच घ्यावा. नाहीतर मूत्राशय पुन्हा भरेपर्यंत पाणी पीत बसा! एका केंद्रात मी अशा दोन बाटल्या रिचवल्या आहेत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.