लंडनची भुयारी गाडी आणि परका माणूस



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. तेव्हा माझ्याकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा करू नका. युनियनच्या कामानिमित्त मला लंडनला आठ दिवस राहण्याचा योग आला आणि तेथे मी रोज भुयारी रेल्वेने हिंडलो. आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आता तिकडे आहेत. आज ना उद्या आपणही जाल. शिवाय २०२४ पासून मुंबईतही भुयारी मेट्रो धावू लागली आहे. तेव्हा हा विषय आता साता समुद्रांपलीकडचा राहिलेला नाही.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली निघाली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, लंडनमध्ये पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जमिनीखालून गाडी धावली, आणि तीही वाफेच्या इंजिनाची! रस्ता खणायचा, रूळ टाकायचे, वर छत घालून रस्ता पुन्हा बुजवायचा, अशी ती रीत होती. धुराने उतारू घुसमटत. खोल नळीसारख्या बोगद्यातून विजेची गाडी १८९० साली आली, आणि म्हणूनच लोक तिला ‘ट्यूब’ म्हणतात. आज अकरा मार्ग आणि २७२ स्थानके आहेत. नाव भुयारी असले तरी निम्म्याहून अधिक लोहमार्ग उघड्यावरच आहे.

परक्या माणसाला तेथे भीती वाटते ती चुकण्याची. आपला खेड्यातला माणूस सूर्य पाहून वाट काढतो. भुयारात सूर्य कोठला? म्हणून फलाटाकडे वळतानाच पाटी असते : ही बाजू उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची, ती दक्षिणेकडे जाणाऱ्यांची, आणि खाली पुढच्या स्थानकांची नावे. ती यादी उभे राहून वाचावी. मागचे लोक घाईत असतात, त्यांना जाऊ द्यावे. पाटी वाचून फलाटावर आलो म्हणजे काम संपले असे मात्र नाही. एकाच फलाटावर निरनिराळ्या ठिकाणच्या गाड्या लागतात. नॉर्दर्न मार्ग शहराच्या मध्यात दोन फाट्यांनी जातो, एक बँक स्थानकावरून आणि दुसरा चेरिंग क्रॉसवरून. पिकॅडिलीच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या काही हीथ्रो विमानतळावर जात नाहीत. तेव्हा गाडीच्या कपाळावरचे नाव वाचल्याखेरीज चढू नये. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला हे सांगावे लागत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. डावी बाजू घाई असलेल्यांची.

आता नकाशाविषयी. तो घडी घालून खिशात मावतो आणि त्याच्याइतका उपयोगी कागद मी दुसरा पाहिला नाही. हॅरी बेक नावाचा एक आरेखक त्याच रेल्वेच्या सिग्नलखात्यात तात्पुरत्या नोकरीवर होता. १९३१ साली कामावरून कमी केलेला असताना त्याने तो काढला. त्याचा विचार असा की, जमिनीखालच्या माणसाला वरचा भूगोल काय करायचा आहे? कोठे चढायचे आणि गाडी कोठे बदलायची, एवढे त्याला कळले की पुरे. म्हणून त्याने सगळ्या रेषा आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशांत तिरप्या केल्या. वरच्या साहेबांना आधी ते पटले नाही. १९३३ साली नकाशा छापला गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. पुढे १९६० साली त्याला बाजूला सारून दुसऱ्याच्या नावाचा नकाशा काढण्यात आला. बेक १९७४ साली वारला. आता नकाशाच्या कोपऱ्यात त्याचे नाव छापतात. आम्हा युनियनवाल्यांना ही गोष्ट फार ओळखीची वाटते.

मात्र त्या नकाशावरून अंतर मोजायला जाऊ नये. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके जेमतेम पाव किलोमीटरच्या अंतरावर आहेत. खाली उतरून, गाडी पकडून, पुन्हा वर येईपर्यंत चालणारा माणूस केव्हाच पोचलेला असतो.

तिकिटाचे म्हणाल तर बँकेचे कार्ड फाटकावरच्या पिवळ्या गोल खुणेला टेकवावयाचे, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. दोन्ही वेळा कार्ड तेच हवे, नाहीतर भाडे जास्त कापले जाते. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, ती चांगली सोय आहे. पण ज्याच्याजवळ असले कार्ड नाही, ज्याला यंत्रावरची अक्षरे लागत नाहीत, अशा म्हाताऱ्या माणसाने काय करावे? पूर्वी त्याच्यासाठी खिडकी होती आणि खिडकीत माणूस होता. त्या खिडक्या बंद करण्याचे ठरले तेव्हा फेब्रुवारी २०१४ मध्ये कामगारांनी ४८ तासांचा संप केला. लंडनकर वैतागले. २०१५ साली बहुतेक सगळ्या खिडक्या बंद झाल्याच. कारभाऱ्यांचे म्हणणे असे की, काचेमागचा माणूस बाहेर आणून उतारूंत उभा केला. उभा असेल तर चांगलेच आहे. पण मी मुद्दाम पाहत होतो. काही ठिकाणी तो चटकन सापडला, काही ठिकाणी शोधावा लागला.

हा हट्ट पोटापाण्याचा आहे असे कोणी म्हणेल. पोटापाण्याचा आहेच, ते मी कशाला नाकारू? पण १८ नोव्हेंबर १९८७ ची संध्याकाळ आठवावी. किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याच्या फटीतून पेटती काडी खाली पडली. खाली वर्षानुवर्षांचे वंगण आणि कचरा साठलेला. धूर एका उतारूनेच पाहून सांगितला. थोड्याच वेळात ज्वाळांचा लोट तिकीटघरात शिरला. ३१ माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचा एक अधिकारीही होता. पुढे डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीत निघाले की, अशा प्रसंगी काय करावे याचे शिक्षणच तेथल्या नोकरांना नीट दिलेले नव्हते. म्हणजे नुसता माणूस उभा असून भागत नाही. त्याला शिकवलेले असावे लागते आणि साफसफाईला हात पुरेसे असावे लागतात. शेवटचा लाकडी जिना ग्रीनफर्ड स्थानकातून हलायला २०१४ साल उजाडले.

त्या साफसफाईविषयी थोडे सांगतो, कारण प्रवासी माणसाला ती दिसत नाही. काही मार्गांवर शुक्रवारी-शनिवारी रात्रभर गाड्या असतात. एरवी मध्यरात्रीनंतर त्या थांबतात, रुळांतली वीज तोडतात आणि माणसे बोगद्यात उतरतात. आपल्या अंगावरून गळलेले केस, कपड्यांचे धागे, धूळ हे सगळे रुळांकडेला साठते आणि ते पेट घेऊ शकते. ते हातांनी गोळा करणारी मंडळी आहेत. पूर्वी हे काम मुख्यतः बायकाच करीत. काम पहाटे पहिली गाडी सुटण्याच्या आत उरकावे लागते. तुम्ही शेवटच्या गाडीने उतरलात तर पाहा : तुम्ही वर चढत असता आणि जाकिटे घातलेली, हातात दिवे घेतलेली ही माणसे खाली निघालेली असतात.