यातलं कुठलं सोडलं तर चालेल?



डॉक्टरांनी भरलेल्या सभागृहात तुम्ही एका औषधवाल्याला अध्यक्ष केलंत, याबद्दल आभार. तेव्हा काउंटरच्या अलीकडून जे दिसतं, तेच बोलतो.

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या चिठ्ठीवरच्या दर औषधामागे ९ पौंड ९० पेन्स मोजावे लागतात. औषध पौंडाच्या आतलं असो की शंभराचं, दर तोच. आपल्यातल्या अनेकांना ही रक्कम किरकोळ वाटते, आणि ते साहजिकच आहे. आपण जिथून आलो तिथे औषधाची सगळी किंमत खिशातूनच जाते. ‘पूर्ण पाकीट नको, चारच गोळ्या कापून द्या,’ असं म्हणणारी माणसं आपण लहानपणापासून पाहिली. पण तशी माणसं इथेही आहेत. फरक एवढाच, की इथे पाकीट कापता येत नाही. आख्खं औषधच मागे ठेवावं लागतं.

केअर होममध्ये काम करणारी, दम्याची एक बाई. चिठ्ठीवर तीन गोष्टी: तपकिरी पंप, निळा पंप आणि स्टेरॉइडच्या गोळ्या. २९ पौंड ७०. ती पर्स उघडून आत बघते आणि हळूच विचारते, “यातलं कुठलं सोडलं तर चालेल?” उत्तर अर्थात ‘कुठलंच नाही’. पण ती निवड करून मोकळीही झालेली असते. निळ्या पंपाने दोन मिनिटांत छाती मोकळी होते. तपकिरीचा गुण यायला दिवस लागतात. साहजिकच तपकिरी मागे राहतो. आणि दम्याचा झटका टाळतो तो नेमका तपकिरी! पुढचं तुमच्या कॅज्युअल्टीत काय होतं, ते तुम्हीच मला सांगा.

हेच औषध मधुमेहाचं असतं तर तिला एक पेनीही पडली नसती. हा भेद वैद्यकशास्त्राने केलेला नाही, तो इतिहासाच्या एका तडजोडीतून आला. १९४८ मध्ये एनएचएस सुरू झाली तेव्हा औषधं मोफत होती. १९५२ मध्ये एक शिलिंग आकार बसला. १९६५ मध्ये विल्सन सरकारने तो काढला आणि १९६८ मध्ये त्याच सरकारने अडीच शिलिंग करून परत लावला. त्या वेळी माफीच्या आजारांची यादी केली: औषधावरचा मधुमेह, अपस्मार, मंदावलेलं थायरॉइड वगैरे. दमा नाही, पार्किन्सन नाही. सिस्टिक फायब्रोसिसही नाही, कारण ती मुलं त्या काळी पैसे भरण्याच्या वयापर्यंत सहसा जगतच नसत. आज ती जगतात आणि पैसे भरतात. यादीत २००९ मध्ये कर्करोगाची भर पडली, बाकी ती जवळपास तशीच आहे. ज्येष्ठ डॉक्टर सर इयन गिलमोर यांनी सगळ्या दीर्घकालीन आजारांना माफी द्यावी असा अहवाल दिला, त्यालाही २०१० पासून धूळच खावी लागली. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये आकारच काढून टाकला. कार्लाइलच्या दमेकऱ्याने पैसे भरायचे, दहा मैलांवरच्या, स्कॉटलंडमधल्या ग्रेटनातल्याने नाही!

सरकारचं ठरलेलं उत्तर असतं, की दहातली नऊ औषधं मोफतच जातात. खरं आहे. पण ती बरीचशी साठीच्या पुढच्यांची, कारण जास्त औषधं तेच घेतात. उरतात ते कामाच्या वयाचे, तुटपुंज्या पगाराचे, कायमचे आजारी. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या बहुतेकांची माफी महिन्याच्या ४३५ पौंड कमाईला संपते; मूल असेल किंवा आजारपणामुळे काम जमत नसेल तर ९३५ ला. एखाद्या महिन्यात दोन पाळ्या जादा केल्या, की माफी गेली. चिठ्ठीमागच्या चौकटीत चुकून खूण केली, तर शंभर पौंडांपर्यंत दंड. २०१९ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षकांनीच दाखवलं, की अशा सुमारे १७ लाख नोटिसा मागे घ्याव्या लागल्या. त्या लोकांना माफीचा हक्क होताच. एकदा अशी नोटीस आली, की माणूस पुढच्या वेळी हक्काचीही खूण करत नाही.

  

आता आपल्या माणसांकडे येतो. केअर व्हिसावर आलेल्या मुलामुलींना सरकारी भत्ते बंद असतात, त्यामुळे कमी उत्पन्नवाल्यांच्या औषधमाफीचा एचसी-१ फॉर्म भरला तर व्हिसा धोक्यात येईल, असं त्यांना वाटतं. तसं नाही. ती योजना त्या बंदीत मोडत नाही. एचसी-२ प्रमाणपत्र मिळालं, की औषधं मोफत. ते मिळालं नाही, तर वर्षभराच्या औषधांचे पैसे आगाऊ भरल्याचं प्रमाणपत्र ११४ पौंड ५० ला मिळतं, दहा हप्त्यांत. वर्षाला बारा औषधं लागत असली तरी ते परवडतं.

डॉक्टर मंडळींकडे एकच मागणं. आकार महिन्यावर नाही, दर वेळी दिलेल्या औषधावर लागतो. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं तीच चालू असलेल्या रुग्णाला अठ्ठावीस दिवसांऐवजी छप्पन्न किंवा चौऱ्याऐंशी दिवसांची लिहिली, तर खर्च निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्यासाठी संसदेचा कायदा लागत नाही, तुमची सही पुरते.

एचसी-१ फॉर्म बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणानंतर आमच्यातले चौघे तिथे बसतील. फॉर्म जाडजूड आहे, ज्यांच्यासाठी न्याल त्यांना पगारपत्रकं, भाड्याचा करार आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवायला सांगा.