शेंडेनक्षत्राची नोंदवही
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जुनी माणसे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत. ते दिसले की दुष्काळ पडतो, रोगराई येते, राजाचा अंत होतो, अशी समजूत सर्व जगात होती. एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने १७०५ मध्ये चोवीस धूमकेतूंच्या कक्षा गणिताने मांडल्या, आणि या समजुतीच्या मुळावरच घाव बसला. १५३१, १६०७ आणि १६८२ या तीन वर्षी दिसलेल्या धूमकेतूंच्या कक्षा त्यांना जवळजवळ सारख्या आढळल्या. हे तीन नसून एकच धूमकेतू आहे, आणि १७५८ च्या सुमारास तो पुन्हा दिसेल, असे अनुमान त्यांनी काढले. ते खरे ठरलेले पाहण्यास हॅली नव्हते. १७४२ मध्येच ते निवर्तले होते.

गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे धूमकेतूला किती विलंब होईल, याचे किचकट गणित क्लेरो, लालांद आणि श्रीमती लेपोत या तिघांनी फ्रान्समध्ये केले. धूमकेतू एप्रिल १७५९ च्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, असे त्यांचे उत्तर होते. तो १३ मार्च रोजी आला. शहात्तर वर्षांच्या प्रवासात एका महिन्याची चूक! परंतु या परतीच्या वेळी त्याला प्रथम पाहिले ते कोणी राजज्योतिषी नव्हे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या योहान पालिच नावाच्या शेतकऱ्याने २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री आपल्या दुर्बिणीतून त्याला शोधून काढले. शेतीप्रधान जिल्ह्यात बोलताना ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते.

आज कक्षेचे गणित फार पुढे गेले आहे. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी अमेरिकेतील पालोमार वेधशाळेने हॅलीचा धूमकेतू पुन्हा टिपला, तेव्हा तो शनीच्याही पलीकडे होता आणि गणिताने सांगितलेल्या जागेच्या अगदी निकट सापडला. तरीही केवळ गुरुत्वाकर्षणाने सारा हिशेब मिळत नाही. धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळ मिसळलेला बर्फ. ऊन लागले की त्यातून वाफेचे झोत निघतात आणि अग्निबाणाप्रमाणे गाभ्याला हळूच ढकलतात. त्यामुळे हॅलीला प्रत्येक फेरीस सुमारे चार दिवसांचा उशीर होतो. मार्च १९८६ मध्ये जिओट्टो हे युरोपीय यान गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा हे झोत प्रत्यक्ष दिसले. गाभा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा आणि कोळशासारखा काळा निघाला.

कक्षा अशी बरीचशी हाती आली. तेज मात्र अजून हाती आलेले नाही. ग्रह केवळ परावर्तित प्रकाशाने दिसतो, म्हणून सूर्यापासूनचे त्याचे अंतर निम्मे झाले तर उजेड चौपट होतो. धूमकेतू जवळ येताना स्वतःभोवती वायू आणि धूळ पसरवीत येतो. त्याचे तेज अशा वेळी सोळापट किंवा त्याहून अधिक वाढू शकते. हा केवळ ठोकताळा आहे, नियम नव्हे. सुमारे सात वर्षांनी फेरी करणारा होम्सचा धूमकेतू ऑक्टोबर २००७ मध्ये दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पटींनी उजळला. मोठ्या दुर्बिणीवाचून न दिसणारा हा ठिपका ययाती तारकासमूहात नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. कोणत्याही कोष्टकात याची पूर्वसूचना नव्हती. म्हणूनच तेजाच्या बाबतीत गणितापेक्षा वेध घेणाऱ्याची वही अधिक मोलाची ठरते.

येथे माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. १९८६ मध्ये मी याच जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक होतो. ९ फेब्रुवारीस हॅलीचा धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा तो सूर्यापलीकडे असल्याने दिसण्याजोगा नव्हता. पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो ११ एप्रिलला, तोही दक्षिण आकाशात. आपल्या १९ अंश अक्षांशावरून तो क्षितिजापासून जेमतेम चोवीस अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अडीच मुठी, वर आला. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. मध्यरात्रीनंतर आम्ही विद्यार्थ्यांना गावाबाहेरच्या माळावर नेले. अंधुक, पिंजलेल्या कापसासारखा तो पुंजका सर्वांनी पाहिला. परतल्यावर मी वहीत लिहिले, ‘धूमकेतू दिसला. मुलांना आनंद झाला.’ ती वही आजही माझ्याजवळ आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने तिचा काडीइतकाही उपयोग नाही. वेळ लिहिली नाही. कोणत्या ताऱ्याशी तुलना केली, तेही लिहिले नाही, कारण तुलना केलीच नव्हती.

वास्तविक पद्धत सोपी आहे. धूमकेतूपेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तारे निवडावे. त्यांच्या तेजाच्या प्रती तारकापटावरून माहीत असाव्यात. साधी द्विनेत्री घेऊन तिचा नेम किंचित बिघडवावा, म्हणजे तारेही धूमकेतूएवढे पसरट दिसतात. मग त्या दोघांमध्ये धूमकेतू कोठे बसतो, हे दशांशात ठरवावे. सोबत दिनांक, घड्याळाची वेळ, ठिकाण, साधन, चंद्र आणि ढग यांची नोंद करावी. सरावासाठी धूमकेतूची वाट पाहण्याचे कारण नाही. मृगातील तांबूस काक्षी तारा रोहिणी आणि प्रश्वा यांच्याशी ताडून पाहावा. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो एकाएकी मंदावला होता, हे नुसत्या डोळ्यांनाही कळत होते.

मित्रहो, हॅलीचा धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाला, सूर्यापासून सुमारे ५२५ कोटी किलोमीटरवर पोहोचला आणि तेथून परतीला लागला. २८ जुलै २०६१ रोजी तो पुन्हा सूर्याजवळ येईल. या खेपेस तो सूर्याच्या आपल्याच बाजूला असेल आणि १९८६ पेक्षा पुष्कळ अधिक तेजस्वी दिसेल, अशी अपेक्षा आहे. मात्र महिना पावसाळ्याचा! अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर तेव्हा ढग हटणार नाहीत. परंतु पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे पर्जन्यछायेतील तालुके. ज्या कोरड्या आभाळाकडे पाहून आपण पिढ्यान्‌पिढ्या उसासे टाकले, त्याच आभाळात कदाचित हा पाहुणा दिसेल.

त्यासाठी दोन गोष्टी मागतो. शिक्षकांनी शाळेत आकाशाची एक नोंदवही सुरू करावी. ती व्यक्तीची नव्हे, शाळेची असावी आणि बदली झाली तरी पुढच्याच्या स्वाधीन व्हावी. पंचायतींनी रस्त्यावरील दिव्यांना वरून झाकणी बसवावी, म्हणजे उजेड जेथे हवा तेथे, जमिनीवर पडेल, आणि गावाबाहेरचा माळ अंधारा राहील.

आज पाचवीत असलेले मूल २०६१ मध्ये पंचेचाळिशीच्या घरात असेल. माझ्यासारखे पुष्कळजण तेव्हा नसतील. हॅलीही नव्हते; त्यांनी मांडून ठेवलेला हिशेब मात्र होता. आपण निदान नीट लिहिलेली वही मागे ठेवू या.