निबंधाला साह्य कोणतें?

१५८० सालीं मोंतेन या फ्रेंच लेखकानें आपल्या लेखसंग्रहाला जें नांव दिलें, त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ असा आहे. विद्यापीठांतील विद्यार्थ्याचा निबंधही त्याचा स्वतःचाच प्रयत्न असावा. मग वडीलधाऱ्यांनीं साह्य करावयाचें तें कोणतें? निबंध वर्णनात्मक असेल तर ‘तूं प्रत्यक्ष काय पाहिलेंस?’ असें विचारावें. विवेचनात्मक असेल तर ‘प्रमाण कोणतें?’ असें, वादात्मक असेल तर प्रतिपक्ष आपण घ्यावा. कॉलेजांत गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला मीं एकदां समारोपच लिहून दिला. गुण चांगले मिळाले. पण ‘याचा अर्थ काय?’ असें घरीं विचारतांच तो माझ्याच तोंडाकडे पाहूं लागला. तेव्हांपासून मी प्रश्न देतों, वाक्यें देत नाहीं.