खिद्रापूरचा स्वर्गमंडप

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर खिद्रापूर आहे. इथलं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या सुमाराचं. पुढे यादव राजा सिंघणानं देवस्थानाला दान दिलं, त्याचा शके ११३६ चा शिलालेख दक्षिण दाराजवळ आजही उभा आहे.

या देवळात शिरताना प्रथम लागतो तो स्वर्गमंडप, आणि माझ्या मते महाराष्ट्रात त्याला जोड नाही. अठ्ठेचाळीस खांबांचा हा मंडप मधोमध आभाळाला उघडा आहे. छत पडलेलं नाही, ते मुळातच तसं योजलेलं. त्या गोल झरोक्याखाली तेवढीच मोठी वर्तुळाकार शिळा आहे आणि भोवती बारा खांबांचं कडं. वर नजर टाकलीत, की आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल दिसतात. खांब पाहावेत तर कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल; काळ्या पाषाणाला इतकी गुळगुळीत गोलाई दिली आहे, की हात फिरवल्यावाचून राहवत नाही.

पुढे सभामंडप, अंतराळ, गाभारा. बाहेरून फिरताना मात्र घाई करू नका. देवळाचा भार पेलणारी हत्तींची रांग तळाशी आहे, आणि त्यांच्या पाठीवर देवदेवता बसल्या आहेत. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आज तुटलेल्या आहेत, ते पाहून जीव हळहळतो. तरीही झुली, घंटा, साखळ्या यांचं कोरीवकाम अजून स्पष्ट दिसतं.

आणि हो, शंकराचं देऊळ असूनही इथे समोर नंदी नाही.