यूइंग सार्कोमा : तरुण वयातील हाडांचा कर्करोग

(कोरीट, ता. नंदुरबार येथील ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोग म्हटला की तंबाखू, विडी आणि उतारवय यांचीच प्रथम आठवण होते. परंतु तंबाखूला कधी हातही न लावलेल्या शाळकरी मुलांना गाठणारे काही कर्करोग आहेत. हाडांत आणि हाडांभोवतीच्या मऊ ऊतींत उद्भवणारा ‘यूइंग सार्कोमा’ हा त्यांपैकी एक होय. १० ते २० वर्षे या वयात तो विशेषेकरून आढळतो. तो फार दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांत दर दहा लाख मुलांमागे वर्षाकाठी सुमारे तीन रुग्ण आढळतात. एखाद्या डॉक्टरच्या उभ्या सेवाकाळात असा एकही रुग्ण समोर न येणे सहज शक्य आहे. म्हणूनच तो ओळखण्यास विलंब होतो, आणि हा विलंब मुलाच्या जिवावर बेततो.

शंभर वर्षांचा शोध

न्यूयॉर्क येथील रोगनिदानशास्त्रज्ञ डॉ. जेम्स यूइंग यांनी १९२१ साली या आजाराचे वेगळेपण प्रथम दाखवून दिले. त्या काळी शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने गाठ नाहीशी होई. परंतु पुढे रोग फुप्फुसांत डोके वर काढी आणि दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्ण दगावत. गाठ दिसू लागण्यापूर्वीच रोगपेशी रक्तावाटे शरीरात पसरलेल्या असतात, हे त्याचे कारण होते. ते उमगल्यावर रक्तावाटे औषधे देण्याची उपचारपद्धती विकसित झाली.

१९८३ साली शास्त्रज्ञांना आढळले की, या गाठीच्या पेशींत ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. १९९२ मध्ये पॅरिसच्या क्युरी संस्थेतील डॉ. ऑलिव्हिए देलात्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील जनुके शोधून काढली. दोन जनुकांचे तुकडे चुकीने जोडले जातात आणि त्यातून निर्माण होणारे विकृत प्रथिन पेशींना बेसुमार वाढण्यास भाग पाडते. हा बिघाड त्या गाठीच्या पेशींतच होतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो, स्पर्शाने पसरत नाही आणि खेळताना झालेल्या मारामुळेही उद्भवत नाही. तेव्हा कोणत्याही मातेने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

औषधांच्या योजनेतही सुधारणा होत गेल्या. पाच औषधांची दोन गटांत विभागणी करून ती आलटून पालटून द्यावीत, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले. हीच औषधे तीन आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांच्या अंतराने दिल्यास अधिक मुले रोगमुक्त राहतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५६८ रुग्णांच्या अभ्यासात आढळले. युरोपातील ६४० रुग्णांच्या २०२२ सालच्या निष्कर्षांनीही याच पद्धतीला पुष्टी दिली. आज रोग एकाच जागी असताना सापडला आणि उपचार पूर्ण झाले, तर या अभ्यासांतील अनुभवानुसार दहांपैकी सुमारे सात मुले वाचू शकतात. तो फुप्फुसांत वा इतर हाडांत पसरल्यावर मात्र हे प्रमाण तीनच्याही खाली येते.

मुंबईतील कार्य

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली आणि भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घातला. पूर्वी अशा रुग्णाचा पाय कापण्यावाचून गत्यंतर नसे. आता बहुतेक रुग्णांचा अवयव वाचविता येतो. रोगट हाडाच्या जागी धातूचा कृत्रिम सांधा बसवितात. काही वेळा तेच हाड बाहेर काढून, त्यावर किरणांचा मारा करून रोगपेशी नष्ट करतात आणि ते पुन्हा जागेवर बसवितात.

आपल्या भागातील दक्षता

नंदुरबार जिल्ह्यात एक विशेष अडचण आहे. येथील आदिवासी बांधवांत सिकलसेल आजार आढळतो आणि त्यातही हाडे दुखतात. यूइंग सार्कोमात कधी ताप येतो, सूज येते, त्यामुळे हाडात पू झाल्याचाही समज होतो. मधूनच वेदना थांबते व घरची मंडळी निर्धास्त होतात. सिकलसेलचा अहवाल सदोष आला म्हणून तपास तेथेच थांबवू नये. एकाच जागी दोन-तीन आठवडे दुखत असेल, रात्री वेदना वाढत असेल किंवा सूज दिसत असेल, तर चोळणे, ओढणे, डाग देणे हे प्रकार टाळून प्रथम क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. ती निर्दोष असूनही दुखणे थांबले नाही, तर पुढील तपासणीचा आग्रह धरावा. नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. शंका आल्यास गाठीचा तुकडा मात्र पुढील शस्त्रक्रिया होणार असलेल्या कर्करोग केंद्रातच काढावा. तो चुकीच्या जागेवरून काढल्यास अवयव वाचविणे कठीण होते.

दुसरा धोका उपचार अर्धवट सोडण्याचा आहे. दोन-तीन वेळा औषधे दिली की गाठ विरघळू लागते, वेदना थांबते. इकडे पेरणी खोळंबलेली असते किंवा ऊसतोडीसाठी गुजरातला जाण्याची वेळ आलेली असते. मूल बरे झाले असे वाटून कुटुंब परतते. शरीरात उरलेल्या पेशी त्यानंतर अधिक चिवट होऊन वाढतात. हे उपचार सुमारे वर्षभर चालतात, हे पहिल्याच दिवशी समजून घेतले पाहिजे.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. मुंबईत दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेने परगावच्या अशा असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. गावानेही आपला वाटा उचलावा. मूल मुंबईत असताना मागे राहिलेल्या शेताची पेरणी आणि धाकट्या भावंडांची शाळा यांची काळजी शेजाऱ्यांनी वाहिली, तर ते कुटुंब अखेरच्या औषधापर्यंत निश्चितपणे तेथे थांबू शकेल.