कुंपणापलीकडची पोरं
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



बागेवर बोला म्हणालात. मी बँकेतला माणूस, तेव्हा एक जुनं खातंच उघडतो. बाकी माझ्या नावे आहे.

नोकरीत असताना काही वर्षं मी धारावीजवळच्या शाखेत होतो. तिथे मिठी नदीकाठी, पूर्वी मुंबईचा कचरा टाकत त्या जागेवर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 37 एकर. 1994 साली ते लोकांसाठी खुलं झालं. 10 बाय 10 च्या खोलीत वाढलेली शाळकरी पोरं तिथे फुलपाखरामागे माना वळवताना मी पाहिली आहेत. बाकावर बसून कौतुक करायचो. कौतुकाला पैसे पडत नाहीत!

निवृत्तीनंतर नेऱ्यात आलो. पाहुणे आले की अभिमानाने सांगायचो, इथेच शांतिवन आहे, समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांना आधार देणारं. आणि आपल्याच मागच्या भिंतीपलीकडे बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यातली चौदा-पंधरा वर्षांची पोरं संध्याकाळी भिंतीवर येऊन बसत. माझी एक कुंडी गेली. तक्रारअर्जावर पहिली सही माझी. वॉचमनने पोरांना हुसकावलं.

आठवड्याने कळलं, कुंडी आमच्या सौभाग्यवतींनी लेकीकडे खारघरला पाठवली होती. मी अर्ज मागे घेतला नाही. गप्प बसलो.

पोरांना परत बोलावलं ते बी विंगमधल्या आजींनी. पंपाच्या खोलीमागची पडीक जागा दिली. डेब्रिज उपसून त्यांनी मिरची, भेंडी, दोडका लावला. दुपारी रोपं लावायला निघालो तर एक मुलगी म्हणाली, "काका, आत्ता नको, माना टाकतील. उन्हं उतरू द्या." तिच्या घरची शेती मराठवाड्यात, कोरडवाहू. बँकेत शेतीकर्जाचे अर्ज मी शेकड्याने पाहिले, पण रोप कधी लावायचं ते तिच्याकडून शिकलो.

शाळा सुटलेला एक मुलगा दिवसभर फरशा कापायचा. सहाला येऊन मुकाट्याने पाणी घालायचा. रोज कशाला येतोस, विचारलं. म्हणाला, "इथं कोणी ओरडत नाही."

काम संपलं, ती कुटुंबं पुढच्या साइटवर गेली. माफी मागायची राहून गेली. आता नव्या साइटवरची चार पोरं येतात, आणि दोडका यंदाही मांडवावर चढलाय.

पुढच्या वार्षिक सभेत त्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून तीन गाड्यांचं पार्किंग करण्याचा ठराव आहे. तीनांतली एक गाडी माझ्या मुलाची. त्याला घरी सांगून झालंय, तुम्हालाही सांगतो: माझं मत विरोधात पडेल, आणि विरोधाच्या अर्जावर पहिली सही करून मी तो आजच सेक्रेटरींकडे दिला आहे.